साइडवरचं 'बेळगाव' बुजवलं तेव्हा मशीन गेलं: घरच्या आर्केड कॅबिनेटच्या एका विक्रीचं प्रकरण

आकडे आधीच सांगून टाकतो, पुढं वाचायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मशीन, म्हणजे नाणं टाकून खेळायचं उभं व्हिडिओ गेमचं कपाट, बनवायला ६१ हजार गेले. मागितले १ लाख १० हजार. अडीच महिने कोण फिरकलं नाही. मग त्यातलं बरंच काढून टाकलं, काढायला आणि बदलायला वर पंधराएक हजार घातले, आणि ७४ हजाराला दिलं. म्हणजे जे मी हौसेनं बसवलं होतं ते काढायचे पण मीच पैसे दिले. कुठं चुकलं, काय जमलं ते सगळं लिहितोय कारण असली मशीन घरी बनवून विकायचं डोक्यात असलेली दोन-तीन पोरं मलाच विचारत असतात.

मी उद्यमबागेत शीट मेटलच्या कारखान्यात काम करतो, राहायला वडगावात. नव्वदच्या दशकात जे बेळगावात शाळेत होते त्यांना पार्लर काय ते सांगायला नको, एक रुपयाचं नाणं आणि मागं उभारलेली चार पोरं. 'मुस्तफा' सगळ्यांचा. मुस्तफा हे खरं त्यातल्या एका हिरोचं नाव, गेम कॅपकॉमचा, १९९३ चा, कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण हे नाव आमच्यातल्या एकानं पण कधी तोंडानं घेतलं नसेल. तसलं उभं मशीन घरी असावं असं वीस वर्षं डोक्यात होतं, शेवटी घरामागच्या शेडमध्ये बनवायला घेतलं. आठ महिने लागले, फक्त संध्याकाळी आणि रविवारी.

सुतारमामा म्हणाले एमडीएफ घ्या, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, राउटरवर, लाकूड कोरायच्या मशीनवर, गुळगुळीत कापतं. मी म्हटलं मामा, वडगावात जून ते सप्टेंबर शेडची फरशी घाम सोडते, एमडीएफ खालून पाणी पिऊन फुगणार. १८ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय घेतलं, तीन शीट, साडेअकरा हजार. हा एक निर्णय पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर ठरला. आत रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर, जुना २० इंची ४:३ मॉनिटर, सानवाच्या दोन जॉयस्टिक. इथपर्यंत ठीक.

मग हौस सुरू झाली. दोन्ही साइडला राउटरनं चार मिलिमीटर खोल 'बेळगाव १९९७' कोरलं आणि त्यात सोनेरी इपॉक्सी ओतलं. वरच्या मार्कीवर, म्हणजे ती लाइट लागणारी पाटी, त्यावर पोराचं नाव. बटणं सोळा, दोन खेळाडूंना प्रत्येकी आठ, सगळी रंग बदलणारी एलईडीवाली. रात्री शेडमध्ये लाइट बंद करून चालू केलं की शेजारच्या मागावरची माणसं बघायला यायची. आमच्या काकी म्हणाल्या, "गणपतीत ठेव की हे, मंडपाचा खर्च वाचंल."

विकायची वेळ आली ती धाकट्या भावामुळं. त्याला शेडमध्ये एम्ब्रॉयडरीचं मशीन टाकायचं होतं आणि घरात ह्याला जागा नाही. मी ६१ हजारात आठ महिन्यांची मजुरी आणि थोडा जीव मिळवून १ लाख १० हजार किंमत लावली, रात्रीचे झगमगाटाचे फोटो टाकले आणि वाट बघत बसलो.

मेसेज भरपूर आले. निम्मे "फायनल सांगा की" एवढेच. म्हापशाचा एक कॅफेवाला होता, त्याला भाड्यानं पाहिजे होतं. ते सोडून द्या. कामाचे दोन फोन आले आणि दोन्हीत गोष्ट एकाच जागी अडली. कोल्हापूरचे एक गृहस्थ, बोलायला एकदम मोकळे, म्हणाले "मशीन झकास हाय, पण आमच्या हॉलमध्ये बेळगाव कशाला लिवलेलं? तेवढं कोल्हापूर करून देता काय?" हुबळीच्या माणसाचं उलटं, त्याचं म्हणणं बेळगाव का लिहिलंय, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालंय, तसं लिहा की. मला हसायला पण येईना. सीमाप्रश्न इतकी वर्षं कोर्टात आहे हे माहीत होतं, तो माझ्या शेडमधल्या प्लायवर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. पण वाद बाजूला ठेवला तर दोघांचं म्हणणं एकच होतं की हे मशीन तुमचं आहे, आमचं कसं होणार. माझ्या गावाचं नाव, माझं शाळेचं साल, माझ्या पोराचं नाव, आणि पैसे मागतोय दुसऱ्याला.

कोल्हापूरवाल्यांचं अजून एक होतं. "पाच हजार गेम भरून द्या, मग नव्वदला बोलू." नव्वद हजार ऐकून मला रात्री झोप नाही आली हे खरं. पण दिलं नाही. मेम हे एम्युलेटर, म्हणजे जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, १९९७ पासून आहे, ते वापरायला कोण अडवत नाही, पण त्यात घालायचे गेम कोणाच्या तरी मालकीचे आहेत आणि १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पुस्तकासारखंच संरक्षण आहे. घरात बसून कोण काय खेळतं तो त्याचा प्रश्न, मी मात्र कॉपी करून पैसे घेऊन विकणार म्हणजे सरळ धंदाच झाला की. ग्रीडली, रॉबी रोटो असले मोजके जुने गेम मालकांनीच मोकळे सोडलेत, पण ते पण धंद्यासाठी नाही, ते तुम्ही स्वतः उतरवून घ्या म्हटलं. त्यावर ते नुसतं "बरं" म्हणाले, पुन्हा फोन नाही.

पुण्यात एक ओळखीचा आहे, जुनी मशीन गोळा करतो. त्याला विचारलं काय चुकतंय. तो म्हणाला, "समोरचे फोटो काढून टाक आधी. मागचं दार उघड आणि आतला फोटो टाक. कलेक्टर माणूस आत बघतो." दार उघडून फोटो काढला आणि माझा मलाच टाकवेना. वायरींचा नुसता गुंता, एका जागी इन्सुलेशन टेप सुटून लोंबत होती, पंख्याची वायर दाराच्या कोपऱ्यात चेपलेली. तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. प्रत्येक वायर मोजून कापली, टोकाला क्रिंप केलं, पट्ट्या बांधल्या, कागदी लेबलं लावली. मग दिवसाउजेडी फोटो काढले. मागचं दार उघडं, खालची कड मोजायची टेप लावून, प्लायचा शिक्का दिसेल असा तळ, नाण्याच्या यंत्राचं आतलं अंग. एलईडीचा एक पण फोटो ठेवला नाही.

त्यानंतर चारच फोन आले. पण चारी माणसं मशीनबद्दल बोलत होती, किमतीबद्दल शेवटी. त्यातले एक धारवाडचे.

ते रविवारी सकाळी आले, हातात पिशवी, त्यात टॉर्च, मल्टीमीटर आणि बबल रॅपमध्ये गुंडाळलेला एक बोर्ड. आमचं बोलणं अर्धं कन्नडात अर्धं हिंदीत. मी चहा ठेवला आणि मशीन चालू करायला गेलो तर म्हणाले थांब्री, नंतर. चाळीस मिनिटं त्यांनी मशीन चालूच करू दिलं नाही. खाली बसून तळ बघितला, कडा नखानं दाबून बघितल्या, मागनं टॉर्च मारली, आतली खोली टेपनं मोजली. कंट्रोल पॅनेल खालनं बघितलं आणि एलईडी बटणांकडं बघून काही बोलले नाहीत, ते न बोलणं मला बरोबर कळलं. मग विचारलं, जामा आहे काय?

जामा म्हटलं की आपल्याला पायजमा आठवतो, तर सांगतो. जपानी मशीनवाल्यांनी १९८५ च्या सुमारास ठरवलेलं हे वायरिंग, ५६ टोकांचा एक कनेक्टर, वरच्या बाजूला २८ आणि खालच्या २८. कुठल्याही कंपनीचा जामा पद्धतीचा गेमबोर्ड ह्यात सरकवला की वीज, चित्र, आवाज, बटणं सगळं जोडलं जातं. म्हणजे कॅबिनेट एकच, बोर्ड बदलला की गेम बदलला. त्या गृहस्थांकडे असले चार खरे बोर्ड आहेत. त्यांना माझे गेम नकोत, माझा रास्पबेरी पाय नको, "तो मुलाला ठेवा" म्हणाले. त्यांना पाहिजे होतं चांगल्या प्लायचं, सरळ कापलेलं, आत जागा असलेलं खोकं. आणि मी वर्षभर ह्याच गोष्टीवर लोकांचे बोलणे खात होतो की ३० इंच खोल आहे, भिंतीपासून लई पुढं येतं. त्यांनी टेप ओढली, ३० वाचलं आणि पहिल्यांदा हसले, कारण पुढं-मागं त्यात काचेचा जुना टीव्हीसारखा मॉनिटर बसवायचा त्यांचा विचार आहे आणि त्याचं पोट मागं लांब असतं.

तिथंच ठरलं. ७४ हजार, वीस हजार आगाऊ, टेम्पोचे साडेतीन हजार त्यांचे. मी काय काय करायचं ते एका कागदावर लिहिलं आणि दोघांनी सही केली. त्यात एक ओळ मुद्दाम घातली की ह्याबरोबर कुठलाही गेम दिलेला नाही. दुसरी ओळ, वायरिंगला तीन महिने माझी जबाबदारी, त्यांच्या बोर्डांना नाही.

पॅनेल मी कारखान्यातनं दोन मिलिमीटर पत्र्याचं लेसरवर कापून घेतलं, काळं पावडर कोटिंग, प्रत्येकी सहाच बटणं, ३० मिलिमीटर भोक. हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं. उद्यमबागेत कामाला असून मी लाकडाचं पॅनेल केलं होतं, म्हणजे विहिरीवर राहून तहानलेला. जामात प्रत्येकी तीनच बटणांच्या वायरी येतात, स्ट्रीट फायटर २ ला सहा लागतात, उरलेल्या तीन लाथांसाठी वेगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ओढावा लागतो. तो पण ओढला.

आता 'बेळगाव १९९७'. इपॉक्सी निघता निघेना, शेवटी ग्राइंडरनं वरचा थर उडवला, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, परत भरली, आणि दोन्ही साइडला काळा मॅट सनमायका मारला. ३,२०० रुपये. सुतारमामा काही बोलले नाहीत, फक्त कोरलेल्या 'ग' वर लांबीची पाती फिरवताना एकदा माझ्याकडं बघितलं. पण एक गंमत झाली. कडेला बसवायची जी प्लास्टिकची पट्टी असते, टी-मोल्डिंग, ती बाहेरून आलेली १९ मिलिमीटरची होती आणि प्लाय १८ चं, त्यामुळं पहिल्यापासून पट्टीची कड हाताला लागायची, शर्ट अडकायचा. आता वरनं ०.८ चा सनमायका आला आणि पट्टी अशी बसली की जणू त्यासाठीच आणली होती. पोराच्या नावाची मार्की स्क्रू काढून खाली घेतली, तिथं कोरी ॲक्रिलिक लावली, त्यांना बोर्डाप्रमाणं पाटी बदलता येईल अशी. पोराची पाटी आता त्याच्या खाटेच्या वर आहे.

सगळ्यात वेळ खाल्ला तो विजेनं. जामा बोर्डाला ५ व्होल्ट अगदी नेमकं लागतं, पाव व्होल्ट कमी झालं तरी बोर्ड नीट चालत नाही, फार वर गेलं तर जळतो. धारवाडवाले चाचणीसाठी एक साधा बोर्ड ठेवून गेले होते, तो लावला तर चित्र यायचं, दोन मिनिटात गेम परत पहिल्यापासून सुरू. पुरवठ्याच्या टोकाला मीटर लावला तर ५.०२. म्हटलं सगळं बरोबर आहे की. दोन रात्री बोर्डालाच शिव्या दिल्या. तिसऱ्या रात्री मीटर बोर्डाच्या कडेला लावला, तर ४.७६. स्वस्तातल्या हार्नेसमध्ये ५ व्होल्टची आणि ग्राउंडची (वीज परत जायची) प्रत्येकी एकच केसासारखी वायर होती, वाटेतच पाव व्होल्ट खात होती. ५ व्होल्टला दोन्ही बाजूंचं तिसरं आणि चौथं टोक असतं, ग्राउंडला पहिली दोन आणि शेवटची दोन, ती सगळीच्या सगळी जाड वायरीनं जोडली. ५.०१. गेम रात्रभर चालू ठेवला, सकाळी अंघोळीला जाताना बघितलं तर डेमोमधला माणूस अजून मार खात होता. एक अजून, त्या हार्नेसला सातव्या टोकाची आडवी खूण, म्हणजे उलटा बसू नये म्हणून असते ती, ती पण नव्हती. उलटा बसला तर बोर्डाचं काय होईल बोलायलाच नको. खूण दहा रुपयाची, ती आधी बसवली.

मॉनिटरसाठी एक छोटी कन्व्हर्टर पट्टी घातली, कारण हे बोर्ड १५ किलोहर्ट्झचं चित्र देतात आणि कॉम्प्युटरचा मॉनिटर ते ओळखत नाही. चित्र थोडं डावीकडं सरकलेलं येतं. त्यांना सांगितलं. ते म्हणाले चालतंय, तुम्ही सांगितलंत ना, बास.

न्यायच्या दिवशी आमचा बोळ आडवा आला. वडगावातले जुने बोळ मागवाल्यांच्या घरांचे, आमचा सगळ्यात अरुंद ठिकाणी २७ इंच. कॅबिनेट २६, पण पॅनेल २९. आठ बोल्ट काढून पॅनेल वेगळं केलं, मग कॅबिनेट दोन्ही बाजूला अर्धा अर्धा इंच ठेवून बाहेर, वरनं शेजारच्यांच्या गॅलरीतनं सूचना. पहिल्या डिझाइनमध्ये पॅनेल खिळे-फेविकॉलनं कायमचं होतं, ते तसंच राहिलं असतं तर मशीन आजपण शेडमध्ये असतं आणि भावाशी बोलणं बंद. छोटा हत्तीत उभं बांधलं, मॉनिटर माझ्या मांडीवर. हिरेबागेवाडीचा टोल, कित्तूर, धारवाड, पाऊण तास जास्त लागला कारण मी ड्रायव्हरला पन्नासच्या वर जाऊ दिलं नाही. सोबत कुंदा नेला होता, येताना पेढे आले, ते तर होणारच.

त्यांचं घर पहिल्या मजल्यावर, जिना मध्येच वळतो. मला घाम फुटला. ते म्हणाले काळजी करू नका आणि कोपऱ्यात ठेवलेली पुठ्ठ्याची चौकट दाखवली, २६ बाय ३०, आदल्या दिवशी ती घेऊन दोनदा जिना चढले-उतरले होते. मी असला गिऱ्हाईक आयुष्यात बघितला नाही.

वर जोडून झालं, त्यांनी कपाटातनं मुस्तफाचा खरा बोर्ड काढला. ह्या बोर्डात एक बॅटरी असते, ती संपली की गेमची किल्लीच पुसली जाते आणि बोर्ड मरतो, म्हणून त्यांनी तो आधीच दुरुस्त करून घेतलेला. चित्र आलं. खिशातलं एक रुपयाचं नाणं टाकलं, टण्णकन खाली परत. पुन्हा टाकलं, पुन्हा परत. मी विसरलोच होतो. नाण्याच्या यंत्रात नमुन्याचं एक नाणं अडकवून ठेवायचं असतं, टाकलेलं त्याच्याशी जुळलं तरच घेतं, आणि मी बनवताना हौसेनं त्यात जुनं २५ मिलिमीटरचं स्टीलचं नाणं ठेवलं होतं, आमच्या वेळचं. २०११ नंतरचं नाणं २२ चं. म्हटलं बदलून देतो, दोन मिनिटाचं काम. ते "बेडरी", म्हणजे नको, म्हणाले, आत गेले आणि हॉर्लिक्सची बरणी घेऊन आले, जुन्या नाण्यांनी भरलेली.

हिशेब. काढलेल्या रास्पबेरी पायचे, बटणं त्याला जोडणाऱ्या एन्कोडर पट्टीचे आणि एलईडी बटणांचे पैसे वजा, नव्या बटणांचे, पत्र्याचे, हार्नेसचे, सनमायकाचे मिळवले तर मशीन मला ६३ हजाराला पडलं. अकरा हजार हातात. आठ महिन्यांनी भागलं तर लाज वाटते म्हणून भागलं नाही. पण तेच मशीन पहिल्यापासून काळं, साधं, पत्र्याच्या पॅनेलचं केलं असतं तर खर्च पन्नासच्या आसपास आला असता आणि विकलं ह्याच भावाला असतं.

सीएला विचारून ठेवलंय. घरातली वापरलेली एक वस्तू विकणं वेगळं, ऑर्डर घेऊन बनवणं म्हणजे धंदा. राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखापर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण असला माल राज्याबाहेर पाठवला की पहिल्या मशीनपासून लागते. म्हणजे महाराष्ट्रातलं शिनोळी इथनं गाडीवर अर्ध्या तासात, तिथं विकायचं तर नोंदणी, आणि बिदरला विकायचं तर नको. आम्हाला ह्याची सवय आहे.

दुसरी विचारणा निपाणीची आहे. कर्नाटकातच, म्हणजे सोपं. दोन तुकड्यात करायचं, खोली ३०, पत्र्याचं पॅनेल, सगळं मान्य. फक्त त्याला साइडवर 'निपाणी' पाहिजे, आणि व्हिनाइल नको, कोरूनच पाहिजे. मी व्हिनाइलचा भाव सांगितलाय, कोरायचा त्याच्या तिप्पट, आणि निम्मे पैसे आधी.